डिशवॉशर उघडला की वास येतो? आधी तो कधी येतो ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला फ्लॅट, घरात पाच माणसं, डिशवॉशर लॉकडाउनच्या वर्षी घेतलेला. तो ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी आहे. रात्री जेवणं झाली की बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या प्रोग्रॅमवर लावायचा, सकाळी भांडी काढायची. फिल्टर दर रविवारी नळाखाली धुतला जातो. लिंबाच्या फोडी ठेवून झाल्या, व्हिनेगर ओतून झालं, बाजारातली क्लीनरची बाटलीही लावून झाली. दोन-चार दिवस बरे जातात आणि मग सकाळी दार उघडलं की पुन्हा तोच वास. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं तर त्यालाही. मशीन जुनं झालं का, बदलावं का?

बदलू नका. घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत बरीच वर्षं काढल्यावर सांगतो, निव्वळ वासापायी मशीन काढून टाकायची वेळ फार क्वचित येते. तुमच्या बाबतीत वास कुठून येतो हे न शोधताच तो घालवायचे उपाय चालले आहेत. लिंबू, व्हिनेगर, क्लीनर हे सगळं टबमध्ये फिरतं. टब म्हणजे आतला तो चकचकीत स्टीलचा डबा. त्याला रोज गरम पाणी आणि पावडर लागते, त्यामुळे सगळ्या मशीनमध्ये सर्वांत स्वच्छ तोच असतो. घाण साठते ती जिथे फवारा पोचत नाही तिथे, आणि खरकटं पाणी ज्या वाटेने बाहेर जातं त्या वाटेवर.

म्हणून घरी गेलो की मी आधी मशीन उघडत नाही. विचारतो, वास कधी येतो? धुणं संपल्या संपल्या, गरम वाफेबरोबर येत असेल तर भांड्यांवरची चरबी आणि प्रथिनं नीट निघत नाहीयेत. मशीन रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी येत असेल, तर कुठेतरी खरकटं पाणी थांबलंय किंवा ओल कोंडली आहे. मशीन दोन दिवस लावलेलंच नाही, दारही उघडलेलं नाही, तरी बाल्कनीत पाऊल टाकताच येत असेल, तर डिशवॉशरचा त्यात काही दोष नाही. तो ड्रेनेजचा वास आहे. आणि पंप पाणी बाहेर फेकत असताना घुर्र आवाज होतो, त्याच वेळी भपकारा येत असेल तर आउटलेट पाइप जिथे सोडलाय ती जागा तपासायची.

वासाची जातही सांगते. खवट असेल तर तूप-तेल. वशाट असेल तर मासे किंवा अंडं. ओल्या फडक्यासारखा कुबट असेल तर रबरावरची बुरशी. सडक्या अंड्यासारखा असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड वायू. हवा न लागणाऱ्या साचलेल्या घाणीत जिवाणू तो तयार करतात, म्हणजे एक तर पाइपात गाळ आहे किंवा गटाराची हवा आत येते आहे. तुमच्याकडे सकाळचा वास आणि ग्लासांचा वास दोन्ही आहेत. माझ्या मते तुमच्याकडे दोन कारणं एकत्र आली आहेत. एक-एक करून पाहू.

पहिलं कारण अर्ध्या तासाचा प्रोग्रॅम. तो वाईट नाही. पाहुण्यांसमोर चहाचे कप दोनदा लागले तर उत्तम. पण त्यात पाणी साधारण ४५ अंशांपर्यंत जातं, सुरुवातीचं गार पाण्याचं विसळणं बहुधा नसतं, आणि पावडरीला काम करायला वेळ मिळत नाही. डिशवॉशरच्या पावडरीत तीन कामकरी असतात. सोडा चरबी सुटी करतो, एन्झाइम भाताचा स्टार्च आणि डाळ-अंड्याची प्रथिनं तोडतात, आणि परकार्बोनेट डाग नि वास जाळतं. एन्झाइमना ५० ते ६० अंशांच्या आसपास बराच वेळ हवा असतो, परकार्बोनेटला उष्णता हवी असते. अर्ध्या तासात दोघांनाही पुरतं मिळत नाही. भांडी दिसायला स्वच्छ निघतात, पण धुतलेली चरबी पाण्यात तरंगत राहते आणि शेवटच्या पाण्याबरोबर थोडी थोडी सगळीकडे बसते. ग्लासात पाणी ओतल्यावर येणारा वास तो हाच.

आपल्या जेवणाचा स्वभावही लक्षात घ्या. तूप ३५ अंशांच्या आसपास वितळतं, खोबरेल २५ च्या खाली गोठतं. वरणावरचं तूप, आमटीतलं खोबरं, भाजीतलं दाण्याचं कूट, हे सगळं मशीनमधल्या कोमट पाण्यात पातळ असतं. ते पाणी पंपाने बाहेर ढकललं की गार पाइपात शिरतं आणि तूप तिथेच, पाइपाच्या वळ्यांमध्ये, बसतं. त्या थराला शितं चिकटतात, शितांवर पुढची चरबी चिकटते. वर्ष-दोन वर्षांत आतून मेणासारखा राखाडी लेप तयार होतो. २०२० च्या टाळेबंदीत घरकामाच्या मावशी येईनाशा झाल्या तेव्हा ज्यांनी डिशवॉशर घेतले, त्यांचे मूळचे आउटलेट पाइप आता असेच आतून माखलेले निघतात. टबमध्ये ओतलेल्या व्हिनेगरला हा लेप जुमानत नाही, कारण चरबीवर आम्ल चालत नाही. तिला उष्णता आणि सोडा लागतो.

तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास काढा आणि या क्रमाने जा.

आधी स्विच बंद, शक्य असेल तर त्या लाइनचा एमसीबी (विजेच्या पेटीतला सुरक्षा स्विच) सुद्धा खाली. हातमोजे घाला. खालचा ट्रे पूर्ण बाहेर काढून ठेवा. तळाशी गोल फिल्टर असतो, तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की वर येतो. त्याखाली चपटी जाळी असते, तीही उचला. बहुतेक घरांत गोल भाग धुतला जातो आणि चपटी जाळी वर्षानुवर्षं जागची हलत नाही. तिची खालची बाजू एकदा पाहा. नळाखाली नुसतं धरून उपयोग नाही, कारण बारीक जाळीतली चरबी गार पाण्याने आणखी घट्ट होते. बादलीत चांगलं कढत पाणी घ्या, त्यात दोन चमचे डिशवॉशरची पावडर किंवा धुण्याचा सोडा टाका, फिल्टरचे सगळे भाग वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि मग जुन्या टूथब्रशने घासा. तारेची घासणी लावू नका. जाळीला भोक पडलं तर आतला पंप जातो, आणि तो खर्च वासापेक्षा फार मोठा आहे.

फिल्टर भिजतोय तोवर खाली जी खोलगट जागा उघडी पडली तिथे टॉर्च मारा. थोडं पाणी असणारच. तेवढं पाणी मुद्दाम ठेवलेलं असतं, रबरी सील सुकू नयेत म्हणून; त्याला घाबरायचं कारण नाही. पण ते पाणी बऱ्यापैकी नितळ असलं पाहिजे. गढूळ, तेलकट, वर तवंग असेल तर मशीन पाणी पूर्ण उपसत नाहीये. स्पंजने टिपून घ्या. बोटं घालण्याआधी नीट बघा, फुटलेल्या ग्लासाची कपची इथेच येऊन बसते. पंपाच्या तोंडावर बहुतेक मॉडेलमध्ये एक छोटं प्लॅस्टिकचं झाकण असतं, चमच्याच्या दांड्याने हलकेच उचललं की निघतं. आत छोटा पंखा दिसतो, तो बोटाने थोडा फिरायला हवा, झटके खात फिरला तरी चालेल. इथे मला आजवर चिंचोके, लिंबाच्या बिया, दातकोरण्या, बाटलीवरच्या लेबलांचा लगदा, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, एवढंच काय पण राखीचे मणीही मिळालेत. तुम्ही ठेवलेल्या लिंबाच्या फोडींतल्या बियाही याच रस्त्याने जातात. म्हणून लिंबाची फोड रॅकमध्ये ठेवण्याच्या उपायावर माझा राग आहे: दोन तास वास छान येतो आणि पंपात बिया जमतात.

आता ज्या जागेपायी निम्मी घरं अडतात ती जागा. दार पूर्ण उघडा, जमिनीवर बसा आणि दाराची खालची कड पाहा, म्हणजे दार बंद असताना टबच्या उंबऱ्याला टेकते ती. तिथे ना फवारा पोचतो, ना गरम पाणी. भांडी लावताना ओघळलेली आमटी, ताक, दूध तिथे उतरतं आणि उबेत आंबत राहतं. ओल्या फडक्यात साबण घेऊन पुसलं तर फडकं काळं होईल. बिजागऱ्यांच्या आतल्या बाजू आणि उंबऱ्याच्या खालचा ओठही पुसा. मग दाराभोवतीचं रबर. त्याची घडी बोटाने उघडून आत टूथब्रश फिरवा, काळे ठिपके ही बुरशी आहे. रबर ओढून काढायच्या फंदात पडू नका, नीट बसलं नाही तर गळेल.

फवारणारे पंखे काढणंही सोपं आहे. खालचा सहसा सरळ वर ओढला की निघतो, वरच्याला मध्ये फिरवायची चकती असते. कानाजवळ नेऊन हलवा, आत खुळखुळ वाजलं तर समजा मोहरी. फोडणीतली मोहरी आणि या पंख्यांची भोकं जवळपास एका मापाची आहेत, हे परदेशात मशीनचं डिझाइन करणाऱ्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं! दातकोरणीने भोकं मोकळी करा, नळाखाली धरून पाणी उलट काढा. वरच्या पंख्याची भोकं बुजली की वरच्या ट्रेवर जोर कमी पडतो, आणि ग्लास वरच्या ट्रेत असतात. तुमच्या ग्लासांच्या वासामागे अर्ध्या तासाच्या प्रोग्रॅमबरोबर हेही असू शकेल.

सगळं परत बसवा. फिल्टर बसल्याचा खटका लागला पाहिजे. मग रिकामं मशीन सर्वांत गरम प्रोग्रॅमवर लावा, ज्यात पाणी ६५–७० अंशांना जातं. काही कंपन्यांच्या मशीनवर कढईचं चित्र असलेला प्रोग्रॅम असतो तो हाच. पावडर नेहमीच्या कप्प्यात पूर्ण भरा आणि एक मोठा चमचा दाराच्या आतल्या बाजूवर तशीच टाका, म्हणजे सुरुवातीच्या पाण्यालाही ती मिळेल. हे पाणी बाहेर पडताना पाइपातली चरबीही थोडी सोडवून नेतं.

पाण्यामुळे साठलेले पांढरे क्षार काढायचे असतील तर ते नंतर, वेगळ्या फेरीत. चरबीच्या थराखाली पांढरा क्षार असतो, आणि वरची चरबी गेल्याशिवाय आम्ल त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून हा क्रम. ढोकळ्यात घालतो ते सायट्रिक ॲसिड तीन-चार मोठे चमचे टबच्या तळाशी टाका, पावडर अजिबात घालू नका, आणि ५० अंशांच्या आसपासचा प्रोग्रॅम लावा. इथे ७० अंशांचा हट्ट नको. फार गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड आणि कॅल्शियम मिळून सहज न विरघळणारा नवाच पांढरा थर बसू शकतो. व्हिनेगरनेही काम होतं, पण ते पातळ आम्ल आहे, बरंच ओतावं लागतं, आणि वारंवार वापरलं तर रबराला सोसत नाही. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाकून फेस आणायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. फेस बघायला मजा येते, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि मशीनच्या वाट्याला जवळजवळ साधं पाणी येतं.

ब्लीच मात्र कधीही नाही. बाथरूमसाठीचं पांढरं ब्लीच स्टीलला बारीक खड्डे पाडतं, आणि ते सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगरच्या संपर्कात आलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद ड्राय बाल्कनीत हा खेळ जिवावरचा आहे.

एवढं करून चार दिवस थांबा. ग्लासांचा वास जायला हवा. सकाळचा वास राहिला तर दुसऱ्या कारणाकडे वळा, आणि तुम्ही ड्राय बाल्कनी लिहिलंत तेव्हापासून माझा संशय तिथेच आहे.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी एक आउटलेट दिलेलं असतं आणि कोपऱ्यात जमिनीत जाळीखाली नाणी (न्हाणी) ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याच्या वाटेवरचा थोडं पाणी धरून ठेवणारा भाग, असतो. डिशवॉशर नंतर येतो, त्याची सोय बिल्डरने केलेली नसते. मग बसवायला आलेला माणूस पाइप जिथे जागा मिळेल तिथे सोडतो: कधी ट्रॅपच्या जाळीतून खाली खुपसून, कधी वॉशिंग मशीनच्या पाइपाबरोबर एकाच भोकात कोंबून वर चिकटपट्टी गुंडाळून. दोन्ही चुकीचं. नाणी ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं, तेच गटाराची हवा अडवतं. डिशवॉशरच्या पाइपाचं टोक त्या पाण्यात बुडलं तर खरकटं पाणी पाइपातून मागे सरकत मशीनच्या तळाशी येऊ शकतं. अशा वेळी सकाळी तळाशी दिसणारं गढूळ पाणी मशीनचं नसतंच, ट्रॅपचं असतं. उलटही होतं: पाइप खाली उतरलेला असल्यामुळे मशीन पाणी भरत असतानाच ते आपोआप ओढलं जातं, भांडी अर्ध्या पाण्यात धुतली जातात आणि आपण पावडरीला दोष देतो.

पाइप मशीनच्या मागून आधी वर गेला पाहिजे आणि मग खाली आला पाहिजे. बहुतेक मॅन्युअलमध्ये ही उंची जमिनीपासून ४० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान दिलेली असते. तुमच्या मशीनचा आकडा बघून घ्या. वरच्या वळणावर भिंतीला क्लिप मारून पाइप पक्का करा. टोक ट्रॅपच्या पाण्याच्या बरंच वर सुटलं पाहिजे, आणि पाइप नि भोक यांच्यामध्ये हवा जाईल एवढी फट हवी. चिकटपट्टीने ती फट बुजवली की वास थांबेल असं वाटतं, पण वास अडवायचं काम ट्रॅपमधल्या पाण्याचं आहे. फट बुजवली की हवेची वाट बंद होते आणि पाणी ओढलं जायला आणखी मदत होते.

काही इमारतींत वॉशिंग मशीनचं आउटलेट ट्रॅपला न जोडता थेट बाहेरच्या उभ्या पाइपाला जोडलेलं असतं. तिथे गटाराची हवा अडवायला काहीच नसतं. डिशवॉशरमध्ये पाणी मागे येऊ नये म्हणून एक छोटी झडप असते, पण तिच्याखाली एखादं शीत अडकलं की ती उघडीच राहते आणि रात्रभर हवा टबमध्ये भरते. ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. ज्या रात्री मशीन लावायचं नाही त्या रात्री आउटलेट पाइप भोकातून काढा, टोक वर धरून त्याला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा आणि पाइप उंचावर अडकवून ठेवा. भोकावर आणि नाणी ट्रॅपच्या जाळीवर पाण्याने भरलेली जाड पिशवी ठेवा, ती चपखल बसते. सकाळी मशीनचं दार उघडल्यावर वास नसेल आणि पाण्याची पिशवी उचलताच आला, तर प्लंबर बोलवा, मेकॅनिक नाही. पी ट्रॅप (पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) बसवायचं काम आहे, अर्ध्या दिवसाचं. उलट या पिशव्या असूनही मशीनमधून वास आला तर गाळ पाइपात किंवा पंपाजवळ आहे.

गाळ पाइपात असेल तर माझा सल्ला सरळ आहे, पाइप बदला. वळ्यावळ्यांचा पाइप आतून साफ करता येत नाही. तार घातली तर भोक पडतं, गरम पाणी ओतलं तर वरचा थर निघतो आणि खालचा राहतो. मशीनच्या एकूण किमतीपुढे पाइपाची किंमत किरकोळ असते. नवा पाइप लांबीला नेमका घ्या. उरलेला पाइप मशीनमागे वेटोळं करून टाकला की प्रत्येक वेटोळ्याच्या खालच्या भागात पाणी राहतं.

डिशवॉशर सिंकखाली असेल तर हेच सगळं सिंकखालच्या बाटलीसारख्या ट्रॅपच्या (बॉटल ट्रॅप) बाबतीत खरं. तपासायचं कसं? सिंकमध्ये बूच लावून पाणी भरा, मग एकदम सोडा आणि डिशवॉशरचं दार उघडून तळाकडे बघा. पाणी वर आलं तर पाइपाची कमान खाली आहे, नाहीतर सिंकचा ट्रॅप तुंबतोय.

पाण्याबद्दल थोडक्यात. पुण्यात खडकवासल्याचं पाणी बरंच मऊ आहे, पण वाघोली, उंड्रीसारख्या टँकर आणि बोअरवेलवर चालणाऱ्या भागांत पाणी जड येतं. जड पाण्यात पावडरीची निम्मी ताकद क्षारांशी झगडण्यात जाते आणि चरबी राहते. मशीनमध्ये मिठाची टाकी असते ती त्यासाठी. मीठ भरलेलं असूनही पाण्याच्या कडकपणाचं सेटिंग कारखान्यातून आलं तसंच ठेवलेलं बऱ्याच घरांत दिसतं. ते तुमच्या पाण्याप्रमाणे बदला. खायचं आयोडीनचं मीठ घालू नका, त्यातले इतर पदार्थ पाणी मऊ करणाऱ्या आतल्या रेझिनला त्रास देतात. आणि पावसाळ्यात पावडरीचा डबा उघडा राहिला, तिचे गोळे झाले, तर ती टाकून द्या. दमट हवेत एन्झाइम आणि परकार्बोनेट दोन्ही मरतात, उरतो तो नुसता सोडा.

रोजच्या वागण्यात फार बदल करायला नको. भांडी विसळून लावू नका, पण खरकटं काढून लावा. कढीपत्ता, मिरचीचे देठ, माशाचे काटे, शितं हाताने किंवा रबरी पट्टीने डब्यात. विसळण्यात पाणी जातं आणि पावडरीला तोडायला काही उरत नाही. आठवडाभर इको प्रोग्रॅम चालवायला हरकत नाही, तो तीन-साडेतीन तास चालतो म्हणूनच ५० अंशांवरही चांगला धुतो. फक्त आठवड्यातून एकदा तेलकट भांड्यांचा भरणा करून ७० अंशांवर लावा. अर्ध्या तासाचा प्रोग्रॅम रात्रीच्या जेवणाच्या भांड्यांना बंद. माणसं कमी आणि मशीन दोन दिवसांनी भरणार असेल तर रात्री नुसता विसळण्याचा दहा-पंधरा मिनिटांचा प्रोग्रॅम लावून ठेवा. धुणं संपलं की दार चार बोटं उघडं ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच, कारण त्या दिवसांत बंद टब सकाळपर्यंत सुकतच नाही. मात्र घरात रांगतं मूल असेल तर उघड्या दारावर ते चढतं, तिथे दाराऐवजी फडक्याने पुसणं बरं.

मासे आणि अंड्यांची भांडी असतील त्या दिवशी सुरुवातीला गार पाण्याचं विसळणं असलेला प्रोग्रॅम निवडा. अंड्याचा बलक लागलेल्या ताटलीवर थेट गरम पाणी पडलं की तो शिजून चिकटतो आणि वास सगळ्या टबभर होतो; आपल्या आया-आज्या अंड्याचं भांडं आधी गार पाण्याने धुवायला सांगतात ते याचसाठी. माशाचा वशाटपणा ज्या पदार्थामुळे येतो तो क्षारधर्मी असतो, म्हणून त्यावर आम्ल चालतं, आणि म्हणूनच कोकणात माशाला कोकम किंवा लिंबू लावतात. बोंबील-सुकटीच्या दिवशी ताटल्यांवर लिंबाचं पाणी शिंपडून ठेवलं तर फरक पडतो. बिया गाळून, हे सांगायला नकोच.

काही वास मशीनचे नसून आपणच आत ठेवलेल्या वस्तूंचे असतात. कुकरची रबरी रिंग, टिफिनच्या झाकणांतली रिंग, लाकडी रवी, पोळपाट. रबर मसाल्याचा वास शोषतं आणि प्रत्येक गरम फेरीत थोडा थोडा सोडतं. रिंगा झाकणातून काढून वेगळ्या धुवा. नवीन मशीनला पहिले काही दिवस डांबरासारखा, रबरासारखा वास येतो. आवाज दाबायला बाहेरून लावलेल्या पट्ट्यांचा तो असतो आणि आपोआप जातो.

दोन प्रसंगी मात्र स्वतः काही करू नका. जळाल्याचा, वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास आला तर तिथल्या तिथे एमसीबी पाडा आणि मेकॅनिकला बोलवा. डब्याचं झाकण खाली पडून तापलं असेल तर ठीक, पण वायरिंगचा जोड असेल तर पुन्हा चालू करून बघण्यात शहाणपण नाही. आणि मशीनच्या आत सगळं स्वच्छ असूनही खालून कुजका वास येत असेल, तर तळाच्या ट्रेमध्ये गळतीचं पाणी साचलंय किंवा उंदीर मेलाय. ड्राय बाल्कनीत हे विरळ नाही. उंदीर उबेला येतात आणि पाइपही कुरतडतात. दोन्ही कामांना मशीन ओढून तळाचा पत्रा काढावा लागतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून सल्ले आले असतील तर ते थोडे गाळून घ्या. तिथली मशीन अनेकदा गरम पाण्याच्या लाइनला जोडलेली असतात, म्हणून तिथे धुणं सुरू करण्याआधी सिंकचा गरम नळ सोडून पाणी गरम होऊ द्यायला सांगतात. आपल्याकडे मशीन बहुतेक गार पाण्यावर असतं आणि स्वतःच पाणी तापवतं. तिथे सिंकखाली अन्न दळणारं यंत्र नवं बसवलं आणि त्याच्या बाजूचं बूच ठोकून काढायचं राहिलं तर डिशवॉशरचं पाणी अडून सडतं. आपल्याकडे ते यंत्रच क्वचित असतं.

मे महिन्यात किंवा दिवाळीला घर बंद करून जाताना फिल्टर धुऊन कोरडा करा, रिकामं मशीन एकदा गरम फिरवा, इनलेटचा नळ बंद करा, दार थोडं उघडं ठेवा. नाणी ट्रॅपमध्ये दोन मग पाणी ओता आणि त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा. तेलाच्या तवंगामुळे पाणी लवकर आटत नाही आणि गटाराची हवा नि झुरळं वर येत नाहीत. परत आल्यावर भांडी लावण्याआधी विसळण्याचा प्रोग्रॅम एकदा रिकामाच फिरवून घ्या.